बँकेत सापडलेलं इंदूर

रविवारी सकाळी नानांचा फोन आला. "अगं, हे मशीन काहीच शोधून नाही राहिलं."

'शोधून नाही राहिलं' म्हणजे 'शोधत नाहीये', एवढंच. हे आमचं इंदुरी मराठी. पुण्याची आत्या या 'राहिलं'ला साठ वर्षं हसत आली आहे, आणि चिडली की तिच्याच तोंडून ते पहिलं बाहेर पडतं.

मी सुदामानगरला राहते, नाना रामबागेत. जाताना पोहे बांधून घेतले, वर जीरावन जास्त घालायला सांगितलं, आणि साडेनऊला त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसले. नानांना दोन गोष्टी हव्या होत्या. दोन वर्षांपूर्वी एफडीबद्दल बँकेला लिहिलेल्या पत्राची प्रत, ही एक. दुसरी आत्याची मागणी. पुढच्या महिन्यात तिचं सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी आजीनं सांगितलेली हकीकत वाचायची असं तिच्या मुलांनी ठरवलं होतं. आजी लग्न होऊन इंदुरात कशी आली, ती. जाण्याच्या आदल्या वर्षी ती नानांना सांगत बसायची आणि नाना टाइप करत बसायचे, हे मी पाहिलेलं. म्हणजे फाइल होती. कुठे, ते नानांनाही आठवत नव्हतं.

खिडकीच्या कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकटीत काहीही टाइप करा, वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची आणि शेवटी तेच वाक्य: नो आयटम्स मॅच युअर सर्च. खालच्या टास्कबारवरच्या शोधाची तर वेगळीच तऱ्हा. नुसता कोरा चौकोन. मला फेब्रुवारी २०२० मधला तो दिवस आठवला, जगभरच्या विंडोज १० मध्ये हा चौकोन असाच कोरा पडला होता तो. आपल्याच घरातली फाइल शोधायला यंत्र इंटरनेटच्या दारात जाऊन उभं राहतं, हे तेव्हा कळलं होतं. आज मात्र इंटरनेट ठणठणीत होतं. रीस्टार्ट करून झालं. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन शोधाची प्रक्रिया बंद करून पुन्हा चालू करून झाली. नाना मागे उभे राहून पोहे खात होते.

"सर्व्हिसेस बघ," फोनवर माझा मुलगा म्हणाला आणि क्लासला गेला.

सर्व्हिसेसची यादी उघडली. शे-दीडशे नावं, आणि खाली डब्ल्यूजवळ 'विंडोज सर्च', त्याच्यापुढे 'डिसेबल्ड'. शोधणारा नोकरच सक्तीच्या रजेवर. मग उलगडा झाला. दिवाळीआधी मशीन फार हळू चालतं म्हणून नानांनी ते एका दुकानात नेलं होतं. तिथल्या मुलानं 'अंकल, मक्खन कर दिया' म्हणत परत दिलं. मक्खन करण्याचा एक भाग म्हणजे ही सर्व्हिस बंद करणं. त्या मुलालाही फार दोष देता येत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे इंडेक्सिंग सतत कुरतडत बसतं, आणि ते बंद केलं की मशीन खरंच हलकं वाटतं. फक्त आपण काय बंद केलं ते त्यानं सांगायला हवं होतं. मी स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' केला, स्टार्ट दाबलं आणि सर्व्हिस चालू झाली.

"झालं?" नाना.

"नाही. आता सूची नव्यानं करावी लागेल."

सूची म्हणजे काय हे त्यांना सांगायला मला उदाहरण शोधावं लागलं नाही. नानांनी पाटबंधारे खात्यात अडतीस वर्षं काढली, बरीचशी आवक-जावक रजिस्टरजवळच. कागद कुठल्या कपाटात आहे हे कपाटं उघडून कोणी बघत नाही, रजिस्टर बघतात. कॉम्प्युटर तेच करतो. फुरसतीच्या वेळी एकेक फाइल उघडून त्यातला शब्द न् शब्द टिपून ठेवतो. हा शब्द, या या फाइलींत. आपण विचारलं की तो फाइलींकडे बघतही नाही, रजिस्टर उघडतो. रजिस्टर ठेवणाराच रजेवर गेला तर मग एकेक कपाट उघडून नुसती वरची नावं वाचायची. मुंगीच्या पावलाची हिरवी पट्टी होती ती हीच.

"आणि मी नावं तर जावक क्रमांकानं दिलीत," नाना म्हणाले.

खरंच होतं. फोल्डरमध्ये जेके-१, जेके-२, जेके-३ अशी रांग. जे म्हणजे जावक, के म्हणजे क्रमांक. नावावरून काही सापडण्याचा प्रश्नच नव्हता.

कंट्रोल पॅनल, इंडेक्सिंग ऑप्शन्स. डी ड्राइव्ह यादीत नव्हताच. सगळं तिथे ठेवायचं ही नानांची शिस्त, आणि विंडोज आपणहून फक्त वापरणाऱ्याचं स्वतःचं फोल्डर वगैरे बघतं. डीवर खूण केली. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन जुन्या वर्डच्या फाइलींचा नुसता नावगाव नव्हे, आतला मजकूरही टिपायचा आहे ना, ते पाहिलं. मग रीबिल्ड. वर आकडा दिसायला लागला: ११२ आयटम्स. २४०. ६९०.

आणि त्याच्या खाली एक वाक्य होतं, त्यानं आमची दुपार खाल्ली. वापर चालू असल्यामुळे इंडेक्सिंगचा वेग कमी केला आहे, अशा अर्थाचं. म्हणजे तुम्ही कीबोर्डला किंवा माउसला हात लावला की हा माणूस नम्रपणे बाजूला होतो, तुमचं चालू द्या म्हणतो. नाना दर दहा मिनिटांनी आकडा कुठवर आला ते बघायला येत, स्क्रीन झोपलेला असे म्हणून माउस हलवत, आणि काम मंदावे.

"उलटंच आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे साहेब बघायला आला की बाबू लिहायला लागायचा."

शेवटी मी स्क्रीनवर रुमाल टाकला आणि त्यांना जेवायला बसवलं.

संध्याकाळी साडेसहाला आकडा एकवीस हजारांच्या वर जाऊन थांबला. इंडेक्सिंग कम्प्लीट. मी 'आजी' टाइप केलं. तीन निकाल. तिन्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या पीडीएफ, एकीत गुडघेदुखीवर मेथ्या. 'आई' टाइप केलं तर मातृदिनाच्या शुभेच्छा, गुलाबासकट. शोध चालू झाला होता, त्याबद्दल शंका नव्हती. पण नानांच्या शेकडो फाइलींतली एकही वर येत नव्हती.

मग मी माझ्या भाषेवर संशय घेतला. मराठी शब्द पोटातून बदलतो, 'घोडा' शोधून 'घोड्याला' कसा सापडेल? यंत्र बिचारं सुरुवातीची अक्षरं जुळवतं. शिवाय 'वाऱ्यावर' लिहिताना तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला नाहीत. 'लग्न', 'खंडवा', 'नर्मदा', जे शब्द पोटातून फारसे बदलत नाहीत ते टाकून पाहिले. काही नाही. 'इंदूर' टाकलं. इंदुरात बसून इंदूर सापडेना.

"राहू दे तिला," नाना म्हणाले. तिला म्हणजे आजीला. "बँकेचं तरी काढ."

ते पत्र इंग्रजीत असेल या अंदाजानं मी इंग्रजीत बी-ए-एन-के टाइप केलं, आणि भसाभस निकाल आले. त्रेचाळीस. पहिली फाइल उघडली: रामबागेतल्या नाल्याबद्दल नगर निगमला अर्ज. दुसरी: गणेशोत्सवात लाउडस्पीकरची परवानगी. तिसरी: कोणाच्या तरी बदलीचा विनंती अर्ज. बँकेचा कुठेही उल्लेख नाही. दहा फाइली उघडल्या, दहाही हिंदी, दहांत बँक नाही. आता मात्र मला वाटलं की सूचीच बिघडलीय, सगळं पुन्हा रीबिल्ड करावं लागणार, म्हणजे आणखी एक रविवार.

कंटाळून मी निकालांची मांडणी बदलली. 'कंटेंट' नावाची मांडणी आहे, तिच्यात प्रत्येक फाइलीच्या नावाखाली आतल्या मजकुराचा तुकडा दिसतो आणि सापडलेला शब्द पिवळा होतो. तुकडा म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड होती, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. त्या गिचमिडीत एका शब्दाची पहिली चार अक्षरं पिवळी. बी-ए-एन-के. पुढे चिकटून मोठा एस आणि लहान जे.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर हलली.

"अगं, हे इंदौर आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"बीवर इ. एवर अनुस्वार. एनवर द. के म्हणजे काना, मोठ्या एसवर दोन मात्रा. जेवर र. इंदौर."

नाना १९६० च्या सुमारास हिंदी टायपिंग शिकले, रेमिंग्टनवर. निवृत्तीनंतर, २००४ साली, घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांना टायपिंगची तीच बोटं वापरायची होती. त्यासाठी होता कृतिदेव. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्या, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, लग्नपत्रिकांची दुकानं, सगळीकडे तोच. ही मराठी घरातली मराठीही मग हिंदीच्या त्याच फॉन्टात टाइप व्हायची. पण कृतिदेव फाइलीत देवनागरी ठेवतच नाही. फाइलीत जातात ती इंग्रजी अक्षरं. फक्त त्या फॉन्टात डीचं चित्र 'क' असं काढलेलं असतं आणि जेचं 'र' असं. आपल्याला पानावर इंदौर दिसतं. सूची करणारा फॉन्ट बघत नाही, तो खालची अक्षरं टिपतो, आणि त्याच्या रजिस्टरात नानांचं अख्खं गाव बँक या अक्षरांखाली नोंदलेलं.

तेव्हा देवनागरीला स्वतःची जागा नव्हती असंही नाही. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ घरांची आळी १९९१ पासूनच आखलेली आहे. पण नानांच्या एक्सपीवर ती नीट दिसायची तर मूळ सीडी घालून वेगळी सोय चढवावी लागे, आणि सीडी कोणाकडे असायची! वर्डनंसुद्धा त्यांना कमी छळलं नाही. इंग्रजी वाक्य समजून ते पहिलं अक्षर आपोआप मोठं करी. लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे पाय मोडलेला क्. नानांची कित्येक पत्रं अशी लंगडत सुरू होतात.

या घराला हे नवीन नाही. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या वडिलांचे कागद आहेत, होळकर दरबारच्या कचेरीतल्या दिवसांपासूनचे, सगळे मोडीत. नानांना मोडी येत नाही, मला तर नाहीच. दर दिवाळीला ट्रंक खाली येते, डांबरगोळ्या बदलतात, ट्रंक वर जाते. कृतिदेवातल्या फाइलींची तशी ट्रंक व्हायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की मांजरच चालत जाणार.

"सरक," नाना म्हणाले.

मी सरकले. कीबोर्ड इंग्रजीवरच होता, म्हटलं भाषा बदलून देते. "नको," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि शोधाच्या चौकटीत, रेमिंग्टनच्या बोटांनी, चार कळा दाबल्या. चौकटीत उमटलं व्ही, के, बी आणि मोठा झेड.

"आई," ते म्हणाले.

टाइपरायटरवर 'ई'ला स्वतंत्र कळ नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. 'आ'लाही नव्हती. अ मारायचा, त्याला काना द्यायचा. मग इ मारायची आणि तिच्या डोक्यावर रफार ठेवायचा, की झाली ई. अ, काना, इ, रफार. चार ठोक्यांची आई. कळा त्याच, क्रम तोच, म्हणून साठ वर्षांपूर्वीची बोटं थेट सूचीच्या भाषेत बोलत होती. आम्ही दिवसभर यंत्राला देवनागरीत विचारत होतो आणि त्याच्याकडे उत्तर होतं इंग्रजी गिचमिडीत. गिचमीड न बघता टाइप करणारा माणूस मागे उभा राहून पोहे खात होता.

एकसष्ट निकाल आले. जेके-१४ मध्ये आजी होती.

नऊ पानं. पहिलं अक्षर लंगडं. नानांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. लग्न १९३८ चं, वाईला. भुसावळवरून खंडव्यापर्यंत मोठी गाडी, तिथून इंदूरची छोटी गाडी. गाडी एवढी अरुंद की आजीला वाटलं ही खेळण्यातली, खरी मागून येणार. नर्मदेच्या पुलावर सगळ्यांनी हात जोडले, आजीनं पदराच्या गाठीतला पैसा खाली टाकला, आणि तो पाण्यात पडला की पुलाच्या लोखंडावर ते कळलं नाही म्हणून तिला पुढे महू येईपर्यंत चुटपुट. कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबली. दिरांनी पानात कलाकंद आणून दिला. नव्या नवरीनं सगळ्यांसमोर खायचा कसा, म्हणून तिनं तो मांडीवर तसाच धरून ठेवला, घाटातल्या बोगद्यात अंधार झाला तसा खाल्ला, आणि उजेडात गाडी बाहेर आली तेव्हा हातात नुसतं पान.

इथे नाना थांबले. "हे मी टाइप केलंय?" म्हणाले, आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला.

मला आता हाव सुटली. आजीच्या इंदुरातल्या पहिल्या वर्षांचं आणखी कुठे लिहिलंय का ते शोधायचं होतं. इंदौर बँकेत सापडतं हे कळलं होतं, पण ते हिंदी अर्जांतलं. घरच्या मजकुरात नाना इंदूर लिहितात, म्हणजे केच्या जागी डब्ल्यू हवा. तो टाकला, थोड्या फाइली आल्या. पण 'इंदुरात', 'इंदुराला', 'इंदुरी' यांत दू ऱ्हस्व होतो, म्हणजे डब्ल्यू जाऊन क्यू येतो. एकाच गावाचे या मशीनमध्ये तीन पत्ते: सरकारी, घरचा आणि विभक्तीतला. पहिली तीनच अक्षरं टाकली तेव्हा सगळे एकत्र आले, नाल्याच्या अर्जांसकट.

एफडीचं पत्रही त्याच रात्री निघालं. हिंदी 'बैंक' कृतिदेवात सी, मोठा एस, ए, डी असं पडतं. शोधलं सी-एस-ए-डी, मिळाली बँक. दुसऱ्या रविवारी मी सगळ्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला घेतल्या. बदलून देणारी साधनं आहेत, बरं काम करतात, पण मध्येच आलेला खरा इंग्रजी शब्दही ती कृतिदेव समजून बदलतात. बँकेच्या पत्रातल्या एफडीचं 'थ्क्' झालं. नानांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं की मी मूळ फाइली वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवल्या आणि त्यांच्या मशीनवरच्या तशाच राहू दिल्या.

पण ते पुढचं. त्या रात्री साडेनऊला नानांनी आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि जेके-१४ पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. आत्या मध्ये मध्ये 'हं' म्हणत होती. नर्मदेच्या पुलापाशी तिनं अडवलं.

"पैसा नव्हे रे. सुपारी."

"पैसा लिहिलंय."

"तिच्याजवळ पैसा कुठला असायला! ओटीतली सुपारी टाकली होती तिनं. मला शंभरदा सांगितलंय."

"मला सांगत होती तेव्हा मी टाइप करत होतो."

"मग तूच चुकीचं टाइप करून राहिला असशील."

नाना काही बोलले नाहीत. बोगदा, पान वगैरे वाचून झालं. आत्या रडली, नाक ओढलं, तब्येतीची विचारपूस झाली, फोन बंद झाला. मी पर्स उचलली. नाना अजून खुर्चीतच होते. त्यांनी जेके-१४ मध्ये नर्मदेच्या पुलाचा परिच्छेद काढला, त्याच्या शेवटी कंस उघडला आणि कचेरीतला शेरा मारावा तसं टाइप केलं: सुपारी, असे बहिणीचे म्हणणे. कंस बंद केला. फाइल जतन केली.

मग शोधाच्या चौकटीत गेले आणि न बघता सहा कळा दाबल्या. एल, क्यू, आय, के, जे, एच.

एक निकाल आला. जेके-१४.

"आता शोधून राहिलंय," नाना म्हणाले, आणि दिवा मालवायला उठले.